अर्धं आटवलेलं पाणी

आमच्या गोठ्यातल्या दुधाने रोज कॅनच्या कॅन भरतात आणि माझी लेक मात्र डब्यातल्या पावडरवर! माझं दूध आटलं होतं, आणि वर्षाच्या आत गाईचं दूध देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंना ते पटलं नव्हतं, पण पावडरीसाठी पाणी उकळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. बोअरचं पातेलंभर पाणी अर्धं होईपर्यंत त्या गॅस बंद करत नसत.

"जंतूंचा मागमूस राहता कामा नये," म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळी लेकीचे ओठ राखाडी दिसले. मग नखंही. ताप नाही, खोकला नाही, नुसती मलूल.

"थंडी वाजतेय," म्हणून सासूबाईंनी आणखी एक टोपडं चढवलं. "खोलीत उजेड कमी आहे," नवरा म्हणाला. या घरात प्रत्येकाकडे उत्तर तयार! तिला उचलून मी बाहेर उन्हात आले. उन्हातही ओठ तसेच.

जनावरांचे डॉक्टर एका गाईचा खूर बघायला आले होते. हात धुता धुता त्यांचं लक्ष लेकीकडे गेलं. नळ बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

"हिला पाणी कुठलं देता?"

"बोअरचंच. पण चांगलं अर्धं आटवून," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या.

डॉक्टरांनी गोठ्यामागचा शेणाचा खड्डा पाहिला, मग त्याच्या खाली उतारावरची बोअर.

"शेणामुतातलं नायट्रेट खाली झिरपलं असणार. उकळून जंतू मरतात, हे जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच उरतं. मग तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. गाडीत बसा, आत्ताच्या आत्ता!"

वाटेत मी तिच्या नाकाशी सारखं बोट धरत होते. रस्ता संपता संपेना. सासूबाई शेजारी बसून तिची नखं पुन्हा पुन्हा बघत होत्या.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं. हळूहळू ओठांवर रंग चढला. "वेळेत आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले.

सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. "तू म्हणायचीस, उकळी फुटली की पुरे. मीच हट्टाने आटवत राहिले. पोरीला मीच..."

एरवी माझी जीभ तिखट. त्यांची अशी कबुली ऐकायला मी लग्नापासून टपून बसले होते.

"आई, बाटली तर मीच पाजत होते ना," मी म्हटलं आणि लेक त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.