गोडबोल्या काटा

पितळी सरकवजन खाचेत नीट बसवून काटेकोरराव स्तब्ध उभे राहिले. दांडी एकदा डोलली, पुन्हा डोलली आणि कालच्या, परवाच्या, गेल्या महिन्यातल्या जागी येऊन आडवी झाली. त्र्याण्णव.

"आजही तेवढंच?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले. तिने वळूनही पाहिले नव्हते. दांडी स्थिरावली की नवऱ्याचा एक लांब सुस्कारा येतो, हे आता तिला पाठ झाले होते.

"तेवढंच."

"मग उतरा आता. तिथं उभं राहून थोडेच झिजणार आहात?"

ते उतरले. हा उभा काटा एका दवाखान्यातून मोडीत निघाला होता. तो त्यांनी घरी आणून स्वतःच्या हातांनी उभा केला होता. तंत्रशाळेतून बाहेर पडल्यापासून एका कारखान्यात वजनकाटे दुरुस्त करणे हेच त्यांचे काम होते. त्यांच्या हातून गेलेला काटा केसभरही चुकत नसे, म्हणून कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना 'काटेकोरराव' म्हटले आणि मूळ नाव मागे पडले. धंद्याचा पहिला नियम ते नव्या माणसाला आवर्जून सांगत: आधी काट्यावर संशय घ्या, मालावर नंतर. त्यामुळे वजन पहिल्यांदा अडले, तेव्हा त्यांनी काट्याचाच सांधा न् सांधा खोलला, दांडी ज्या पोलादी धारेवर तोलली जाते ती धार पुसली आणि कारखान्यातली प्रमाणित वजने आणून पडताळा घेतला. काटा खरा निघाला. म्हणजे उरला माल.

हा माल उतरणे अत्यंत गरजेचे होते. लेकीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिला रुग्णालयात रक्त गाळणाऱ्या यंत्राशी बांधून घ्यावे लागे. आईचे रक्त तिच्याशी जुळले नाही, बापाचे जुळले. बाकीच्या तपासण्याही चोख आल्या. फक्त शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी मान हलवली होती. एवढ्या वजनाच्या माणसाचे मूत्रपिंड काढायला आपण धजावणार नाही, नव्वदच्या आत या, मग पुढचे बोलू, असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते. तेव्हा काटेकोरराव शंभराच्या बरेच पुढे होते.

सुरुवातीचे किलो उतारावरच्या गाडीसारखे गेले. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ठरवून दिलेले मोजके जेवण ते औषधासारखे घेत. उकडलेल्या भाज्या, एक अंडे, कपभर दूध, वाटीभर भात. लेक चेष्टेने म्हणायची, "बाबा, तुमच्यापेक्षा तुमचं ताट आधी अदृश्य होणार." मग त्र्याण्णववर गाडी अडली ती अडलीच.

बाईंना त्यात नवल वाटले नव्हते. असे थांबणे सगळ्यांच्याच वाट्याला येते, कमी मिळू लागले की शरीरही काटकसर शिकते, असे त्यांनी समजावले होते. "काका, आता आणखी कमी करू नका हं," त्या म्हणाल्या होत्या. "उलट थोडं वाढवू. अंडं, दूध तर अजिबात सोडायचं नाही. चाला, धीर धरा. आणि पुढच्या आठवड्यात रक्त तपासून घ्या."

काटेकोररावांनी मान डोलावली आणि यातले एकही केले नाही. धीर धरायला त्यांची हरकत नव्हती; पण लेकीच्या हातावर सुयांच्या गाठी वाढत होत्या, त्या काही धीर धरत नव्हत्या. शिवाय त्यांचा हिशेब सरळ होता. टाकीत येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा कमी असेल, तर पातळी उतरलीच पाहिजे. उतरत नाही, याचा अर्थ अजून जास्त येते आहे. त्यांनी भात बंद केला. दूध 'कारखान्यात पिईन' म्हणून बाटलीत नेऊ लागले. ते दूध आणि डब्यातले अंडे कारखान्यामागच्या कुत्रीला मिळू लागले. महिन्याभरात कुत्री गुबगुबीत झाली. काटेकोररावांची दांडी मात्र जागची हलली नाही.

एक गोष्ट त्यांना चक्रावून टाकत होती. गालफडे बसली होती, पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली होती, बोटातली अंगठी आपसूक फिरत होती. अंग उतरते आहे हे उघड दिसत होते, मग वजन राहते कुठे? दुसऱ्या एका गोष्टीकडे त्यांनी लक्षच दिले नव्हते. बूट आवळू लागले होते. कातडे आकसले असेल, म्हणून त्यांनी नाडी सैल केली, इतकेच. जिन्याच्या मधल्या वळणावर धाप लागे आणि रात्री उशाला एक उशी पुरेनाशी झाली होती. उपाशी माणूस दमायचाच, असे म्हणून त्यांनी तेही उपासाच्या खाती टाकले होते.

त्या दिवशी त्यांना एका गोदामात बोलावणे होते. तिथे ट्रक तोलण्याचा जमिनीतला काटा होता. गोदामाचे व्यवस्थापक जुने परिचयाचे आणि तोंडाळ गृहस्थ होते.

"काटा उत्तम आहे हो," ते म्हणाले. "भरलेला ट्रक चढवला की बरोब्बर दाखवतो. रिकामा चढवला की भांडणं होतात. ट्रकवाले खोटे की काय, तेवढं बघा."

काटेकोरराव शिडीने काट्याखालच्या खड्ड्यात उतरले. विजेरीच्या प्रकाशात त्यांना पाच मिनिटांत सगळे दिसले. एका तरफेची धार झिजून बोथट झाली होती. ती वजन कमी दाखवत होती. दुसऱ्या बाजूला, ट्रक उभा राहतो त्या पाटाला खालून ओला चिखल थरावर थर चिकटला होता. तो वजनात भर घालत होता. भरलेल्या ट्रकाला झीज आणि चिखल नेमके सारखे पडत आणि आकडा बरोबर येई; रिकाम्याला मात्र चिखलच जास्त पडे. असा काटा सर्वांत घातक, कारण त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. कारखान्यात त्याला 'गोडबोल्या' म्हणत.

"गोडबोल्या आहे तुमचा," त्यांनी खालूनच सांगितले. "एकीकडून झिजतोय, दुसरीकडून साचतंय. बेरीज तेवढीच राहते, म्हणून तुम्ही खूश."

"मग असाच चालू ठेवला तर?"

"चालेल की. एक दिवस बसेल तो खाली, ट्रकासकट."

स्वतःचे हे वाक्य त्यांच्या कानांनी ऐकले, पण ते आत पोचले नाही. शिडी चढताना तिसऱ्या पायरीवर डोळ्यांपुढे काजवे चमकले. व्यवस्थापकांनी हात धरून वर ओढले, तेव्हा ओल्या बोटातून अंगठी निसटून त्यांच्याच मुठीत राहिली.

"केवढे वाळलात हो," व्यवस्थापक अंगठी परत देत म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तोंड ओळखू येईना. बरं आहे ना सगळं?"

"मुद्दाम उतरवतोय," काटेकोरराव म्हणाले. अंगठी खिशात टाकताना त्यांना थोडे बरे वाटले. निदान कुणाला तरी फरक दिसला होता.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको बाजारात गेली होती. लेक खिडकीपाशी आपला मोजून दिलेला कपभर चहा घोट घोट पुरवत बसली होती. तिच्या पाण्यालाही माप होते. यंत्राच्या दोन फेऱ्यांमध्ये तिच्या अंगात पाणी साचे, तेच तिचे वजन. त्या घरात वजन या शब्दाचे दोन अर्थ होते, लेकीचे पाणी आणि बापाची चरबी. आणि ते कधी एकमेकांत मिसळतील, हे कुणाच्या मनातही आले नव्हते.

काटेकोरराव खुर्चीत बसून बुटाशी झटापट करू लागले. वाकले की श्वास कोंडत होता. बूट निघेना.

"थांबा, मी काढते," म्हणत लेक समोर जमिनीवर बसली.

"राहू दे गं. तू कशाला?"

"लहानपणी तुम्ही माझे काढायचात ना? मग फिटू दे एकदा ते."

तिने नाडी पूर्ण ओढून काढली, बूट दोन्ही हातांनी सोडवला आणि मोजा उतरवला. मोज्याच्या कडेने पोटरीखाली खोल वळ उठला होता. घोट्याचे हाड कुठे दिसतच नव्हते. तिने नडगीवर आपला अंगठा ठेवला, दाबला, जरा वेळ तसाच धरला आणि उचलला. जिथे अंगठा होता तिथे खळगा राहिला. दोघेही त्या खळग्याकडे पाहत राहिले. तो भरून येईना.

डॉक्टर दर वेळी तिच्या पायाला हेच करून पाहत. त्या खुणेचा अर्थ तिला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"बाबा, हे कधीपासून?"

"बूट जरा आवळतात..."

"बुटाचं नाही विचारलं."

काटेकोररावांच्या डोळ्यांपुढे गोदामातला खड्डा आला. बोथट झालेली धार आली, पाटाखालचा ओला चिखल आला. खिशातली अंगठी त्यांनी बाहेरूनच चाचपली. मांस जात होते, पाणी येत होते आणि दांडी इमानाने आडवी राहत होती.

"गोडबोल्या," ते पुटपुटले.

"काय?"

"काही नाही. काटा खरा होता गं. मीच..." त्यांनी वाक्य सोडून दिले. मग अगदी हळू म्हणाले, "आईला इतक्यात नको सांगूस. तीनच राहिलेत. नव्वद झाले की एकदा डॉक्टरांना दाखवतो, मग बघू हे."

"तेवढे अंगातून गेले, बाबा. केव्हाच गेले." तिचा आवाज सपाट होता. रुग्णालयात वावरून वावरून तो तसा झाला होता. "ही त्यांची जागा पाण्यानं घेतलीय. का घेतली, ते तपासल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही नीट जेवत होतात ना?"

कारखान्यामागची कुत्री किती जाड झाली आहे, एवढेच त्यांना आठवले.

"उद्या माझ्याबरोबर चलायचं. डॉक्टरांना दाखवायचं."

"मग ते मला वगळतील."

"वगळतील बहुतेक."

"आणि तू?"

लेकीने दुसऱ्या पायाची नाडी सोडवायला घेतली. "माझं पाणी मला पुरत होतं हो," ती खाली बघतच म्हणाली. "तुम्ही कशाला वाटून घेतलंत?"

बायको पिशव्या घेऊन दारात आली, तेव्हा बापलेक तसेच बसले होते. खळग्यावर लेकीने तळहात झाकून धरला होता.

सकाळी काटेकोरराव सवयीने काट्यापाशी गेले. पाटावर चढले नाहीत. सरकवजन ओढून शून्यावर आणले. दांडी डोलली आणि आडवी झाली. रिकामा काटा अगदी खरा होता. त्यांनी दांडी अडकवून ठेवणारी खिटी लावून टाकली.

बूट चढेनात, म्हणून ते चपला घालूनच निघाले. बायको कुलूप लावायला मागे थांबली. दोन वर्षे हा जिना उतरताना ते लेकीच्या एक पायरी पुढे असत, तिचा तोल गेला तर धरता यावे म्हणून. आज ती न बोलता पुढे झाली. मधल्या वळणावर धाप लागली, तसा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, भार दिला नाही.

"टेका नीट," मागे न पाहता ती म्हणाली. "पेलतं मला."

काट्यावर प्रमाणित वजने चढवताना ते जसे एकेक करून, धक्का न लावता, अंदाज घेत ठेवत, तसा त्यांनी आपला भार थोडा थोडा करून तिच्या खांद्यावर दिला.