अर्ध्या मिलिमीटरची फट

मेमरीचा जादा डबा त्या छोट्या घरगुती कॉम्प्युटरच्या पाठीला खोचला, की वरच्या कडेला अर्धा मिलिमीटर फट राहायची. डबा तेवढा जरी डुलला तरी मशीन सगळं विसरून जाई. नेटा डोरवर्डला हे पाठ होतं. डंडी शहरातल्या कारखान्यात ती हीच मशीनं तपासायची. स्वस्तातला माल; रंग नाही, आवाज नाही, बटणांच्या जागी सपाट प्लास्टिक. पण स्वेटरची नक्षी मांडायला काळे-पांढरे चौकोन पुरेसे होते.

अकरा आठवडे, कामावरून आल्यावर, स्वयंपाकघरातल्या टीव्हीला मशीन जोडून तिने प्रोग्राम लिहिला. छातीचं माप द्या, टाक्याटाक्याची नक्षी पडद्यावर. गोदी बंद पडल्यापासून घरी बसलेला तिचा नवरा डॉड तेव्हा फुटबॉल बुडाला म्हणून दारं आपटत बाहेर जायचा. आणि कॉम्प्युटर क्लबच्या स्पर्धेच्या यादीत नाव लागलं ते त्याचं.

"सगळे पुरुषच असतात गं तिथं. तुलाच अवघडल्यासारखं होईल," तो म्हणाला होता. त्याला आता तीन शनिवार झाले.

स्पर्धेला चर्चच्या हॉलमध्ये तिसेक माणसं जमली होती. मशीन जोडून द्यायला आलेली नेटा डॉडच्या मागच्या खुर्चीत बसली होती.

"विणकाम, डॉड?" क्लबचे अध्यक्ष इमलाच हसले. बायकोच्या पगारावर घरी बसणाऱ्यांना गावात किटलीवाले म्हणत. "किटली उकळता उकळता सुया पण घेतल्यास की काय हातात?"

"सुया कशाला? डोकं लागतं, डोकं!"

कॅसेटच्या टेपवरून प्रोग्राम मशीनमध्ये उतरायला सहा मिनिटं लागली. नेटाने सवयीने टेप काढून पर्समध्ये ठेवली. डॉडने उभ्या जन्मात एक टेप जागेवर ठेवली नव्हती.

त्याने छत्तीस इंच भरले. पडदा करडा पडला.

मशीन गणित करत होतं. भरभर हिशेब हवा असेल, तर या मशीनला चित्र सोडून द्यावं लागतं. चाळीस सेकंद. नेटाने घरी घड्याळ लावून मोजले होते. डॉड त्या वेळी एकदाही खोलीत नव्हता.

"गचकलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"छे, छे. हा डबा सैल झालाय," डॉड म्हणाला.

'थांब' हा एवढासा शब्द नेटाच्या जिभेवर होता. तिने तो गिळला आणि मनात मोजत राहिली. तीस. एकतीस. बत्तीस.

डॉडने डबा धरून हलवला.

पडदा उजळला. नक्षी नव्हती. खालच्या कोपऱ्यात काळ्या चौकोनात एकुलतं एक अक्षर, पेटीतून आत्ताच काढलेल्या मशीनवर असतं तसं. गारठ्यातून येऊन गरम चहाचा पहिला घोट घ्यावा, तसं काहीतरी नेटाच्या छातीत उतरलं.

"असू दे, पुन्हा भर," इमलाच म्हणाले.

डॉडने मागे न बघताच हात पसरला. "नेटा, टेप दे गं."

पर्सची कडी खट्‌कन लागली.

"आधी विचारा त्याला, इमलाच, पडदा का गेला होता ते."

"बिघाड होता. दुसरं काय असणार?" डॉडची मान लाल झाली. "नेटा, चारचौघांत नको. दे म्हणतो ना."

"बिघाड नव्हता. आठ सेकंद राहिले होते." ती उठून उभी राहिली. "टेप मिळायची नाही, डॉड. आणि इमलाच, यादीतलं ते नाव खोडा. प्रोग्राम मी लिहिलाय."