न दिलेला निरोप

भावानं ओठांत बारीक खिळे धरले होते आणि एकेक काढून तो जुन्या सोफ्याच्या पाठीवर नवं कापड ठोकत होता. ताईनं बोलायला हीच वेळ साधली. तोंडात खिळे असले की माणूस मध्येच तोडत नाही.

दुकानामागेच त्याचं घर होतं. भावजयीनं पाण्याचा पेला आणून ठेवला, तोही तिच्याकडे न बघता. आई गेल्यापासून ती ताईशी बोलत नव्हती. नातेवाइकांत तर सगळीकडे झालंच होतं, सख्ख्या भावाला आईचं शेवटचं कळवलं नाही हिनं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ताई आजवर खालमानेनं ऐकत आली होती.

"मी तुला मुद्दाम कळवलं नाही," ती म्हणाली. "आईचं दुखणं मी एकटीनं काढलं. तू पाहुण्यासारखा येऊन जायचास. म्हटलं, आता बस. ती सारखी विचारायची, धाकटा आला का? मी सांगायचे, निघालाय, वाटेत आहे. आणि फोनला हातही लावला नव्हता मी."

हातोडी थांबली.

"विचारता विचारताच गेली. माफ कर म्हणायला तोंड नाही मला. पण तिनं तुझी वाट बघितली, एवढं तरी तुला कळायला हवं होतं."

भावानं ओठांतले खिळे तळहातावर घेतले.

"आईच्या शेजारच्या काकूंनी फोन केला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"ती होती तेव्हाच. म्हणाल्या, तुझं नाव घेतेय, लगेच नीघ. निघालो पण. स्टँडवर गाडी समोर उभी होती. चढलोच नाही. तिला तसं बघायची छाती झाली नाही. नंतर लोक म्हणाले, बहिणीनं कळवलं नसेल. मी हो म्हटलं."

पेला ताईच्या हातात तसाच राहिला. चिडायला हवं होतं. पण आपण आईच्या उशाशी बसून 'वाटेत आहे' म्हणत होतो तेव्हा हा खरंच वाटेत होता, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे येत राहिलं.

"गेल्या का त्या?" भावजयीनं आतून विचारलं, बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं.

ताई उठली आणि पायानं चपला चाचपू लागली.

"राहू दे आता, तिला नको सांगूस," ती हळूच म्हणाली. "संसार आहे तुझा."

भावाची मान वर होईना. तसाच तो आतल्या दाराच्या दिशेनं बोलला.

"नाही गेली. तू बाहेर ये जरा. बस इथं."