घडी घालायची नाही

"आई! अगं आई!"

दुकानाच्या दारात माझी लेक उभी. अंगात शर्ट उलटा, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात जावयाची. मी गिऱ्हाइकाच्या चादरीवर इस्त्री फिरवत होते.

"काय गं, कोण मेलं?"

"तू!" असं म्हणून ती मटकन खालीच बसली आणि रडायला लागली.

आता घ्या! झालं होतं असं, की मागे मला दुकानात चक्कर आली. तेव्हापासून हिचा एकच धोशा, दुकान गुंडाळ आणि माझ्याकडे चल. शेवटी तोडगा म्हणून हे बनियन आलं. त्यात केसासारखे काचेचे धागे विणलेत. धाग्यांतून उजेड जातो, छाती हलली की तो कमीजास्त होतो, आणि त्यावरून माझा श्वास नि ठोके लेकीला फोनवर दिसतात. बनियन अंगात असेल तरच दुकान उघडायचं, ही तिची अट. घातलं बाई. दुकानासाठी तेवढंही सोसलं.

"फोन म्हणतो तुझा श्वासच नाही! मी किती फोन केले तुला!"

माझा फोन चादरींच्या ढिगाखाली गुदमरला होता.

"केलंस काय तू त्या बनियनचं?"

"काही नाही. काल धुतलं, वाळवलं, घडी घातली. सकाळी अंगात घातलं."

"घडी?" ती किंचाळली. "घडी घालायची नाही म्हणून कितीदा बजावलं होतं! आतली काच मोडते!"

बजावलं होतं खरं. पण उभा जन्म घड्या घालण्यात गेला, हातांना कोण समजावणार? त्यात मी घडी घालून वर तळहाताने दाबते. उजेड बिचारा तिथेच अडला, आणि मी लेकीच्या लेखी स्वर्गवासी झाले. मला हसू फुटलं.

"हसतेस काय? बस झालं आता. आजच कुलूप लाव. माझ्याकडे खोली आहे, पलंग आहे, आरामात पडून राहा."

माझं डोकंच फिरलं.

"मोडलं ते बनियन. मी नाही मोडले! नवीन आण, घालते. घडी घालणार नाही, शब्द देते. पण तूही मला घडी घालून तुझ्या कपाटात ठेवू नकोस. माझाही उजेड जाईल."

ती डोळे पुसत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "आणि उद्या खरंच तुला काही झालं तर?"

मलाही भीती वाटतेच की. पण ती तिला कशाला दाखवू?

"तर आधी इस्त्री बंद कर. गिऱ्हाइकाची चादर जळायला नको."

रडता रडता ती हसलीच. मी तिला आडोशाला नेलं, अंगाभोवती चादर गुंडाळली, शर्ट काढून घेतला. सुलटा केला, इस्त्री केली. हात सवयीने घडीकडे वळले, तसे आवरले. शर्ट तसाच तिच्या अंगात चढवला.

"गरम आहे गं," ती म्हणाली.

"असणारच. जिवंत बाईने केलीय इस्त्री," म्हटलं, आणि पुढची चादर ओढली.