मागच्या रांगेतला आवाज

खोलीचं दार लावून हे आत गात होते आणि मी स्वयंपाकघरात मटार सोलत जीव मुठीत धरून बसले होते. पंखा बंद, कुकर बंद, गळक्या नळाखाली फडकं. का, तर मोबाइलमध्ये दुसरा आवाज शिरू नये. एवढं करून आतून जे येत होतं ते काही खरं नव्हतं. सूर पहिल्या ओळीलाच सुटला होता आणि हे मात्र निवांत पुढे चालले होते, चुकीच्या गाडीत बसलेला माणूस खिडकीतून मजा बघतो तसे.

दार उघडून बाहेर आले. म्हणाले, "झालं ना बरं?"

"झालं की," मी म्हटलं.

पण माझा चेहरा त्यांना बरोबर वाचता येतो. ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि परत आत गेले. सकाळपासून हेच चाललं होतं.

आमच्या ह्यांचा जन्म सूतगिरणीत गेला. यंत्रांच्या गोंगाटात खाणाखुणांनी बोलायची सवय. निवृत्त झाल्यावर घरात नुसते येरझारा घालायचे, डबे उघडून बघायचे, मला स्वयंपाक शिकवायचे. मग कोणीतरी त्यांना गायनमंडळात नेलं आणि मी सुटले. दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि परत येताना दोन वर्षांनी लहान होऊन यायचे. मागच्या रांगेत, जाड आवाजवाल्यांत, उंच पोस्टमनच्या शेजारी त्यांची जागा.

त्या मंडळाच्या हॉलचं छप्पर खचलं. महिन्याच्या आत दुरुस्त करा, नाहीतर कुलूप लावू, असं मालकाने सांगितलं. मंडळात गाणं शिकवणाऱ्या बाईंनी मग एक टूम काढली. प्रत्येक गाणाऱ्याचं मोबाइलवर स्वतःचं पान. त्यावर त्याचा फोटो आणि त्याने एकट्याने गायलेली त्याची ओळ. ज्याने त्याने आपलं पान आपल्या नात्यागोत्यात पाठवायचं आणि मदत मागायची. छपरासाठी परका पैसे देत नाही, पण आपल्या माणसाचा आवाज ऐकला की देतो, हे बाईंचं म्हणणं. खरंच होतं ते. पोस्टमनच्या पानावर तर टपालाच्या वाटेवरच्या अख्ख्या गल्ल्या तुटून पडल्या होत्या.

ह्यांचं पान तेवढं कोरं होतं. आवाजाशिवाय ते उघडतच नव्हतं.

आता खरं सांगते. ह्यांना नीट ऐकू येत नाही हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. दाराची बेल वाजली तरी पेपर खाली येत नाही. टीव्हीचा आवाज एवढा, की शेजारीण बातम्या आमच्याकडून घेते. पण मी बोलले नाही. मंडळात पोस्टमनला खेटून उभं राहिलं की त्याच्या छातीतला सूर खांद्यात शिरतो, असं हेच सांगायचे; त्यावरच गाडी रुळावर राहत असणार. मंडळच सुटलं तर ह्यांच्याकडे काय उरणार होतं? म्हणून मी झाकली मूठ ठेवली. एकट्याने गायची वेळ येईल हे कोणाच्या ध्यानीमनी होतं?

दुपारी बाईंचा फोन मी उचलला. शनिवारी पानं बंद होणार, सगळ्यांचं झालं, ह्यांचंच राहिलंय, असं त्या म्हणाल्या. ह्यांचा घसा बसलाय, अशी थाप मारून मी फोन ठेवला. तसंच गाणं चढवलं असतं तर बाईंनी ते ऐकलंच असतं आणि एका ओळीत सगळं समजलं असतं.

बाईंनी प्रत्येकाला त्याच्या ओळीची चाल मोबाइलवर दिली होती. हे आडवे झाल्यावर मी ती कानाला लावून बसले. जाड आवाजाची ओळ म्हणजे काय हो, चार सुरांतच घोटाळते. गोडवा सगळा पुढच्या रांगेतल्या बायकांच्या वाट्याला. पण संध्याकाळपर्यंत ती माझ्या तोंडात बसली.

"पाठ करा इकडे," मी म्हटलं. "मी पाठीला टेकून गुणगुणते, तुम्ही गा."

"कशाला? मला काय ऐकू येत नाही का?"

"नाही येत," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. हे पलंगाच्या कडेवर बसले. मग विचारलं, "मंडळात पण चुकतो का मी?" मला तिथलं काय माहीत, असं मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण ते त्यांना पुरलंही नाही.

शेवटी उठले आणि पाठ केली. मी कपाळ टेकवलं, ओठ मिटून गुणगुणू लागले. पहिल्यांदा हे घसरले, दुसऱ्यांदा सूर धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आयुष्यभर नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहिले, पण एवढी भीती कधी वाटली नव्हती.

पान उघडलं आणि काय सांगू! गिरणीतले जुने सोबती, माझ्या बहिणी, ह्यांच्या आतेबहिणी, सगळ्यांनी हात सैल सोडला. माझा धाकटा भाऊ, जो चहाचे पैसे द्यायच्या वेळी बरोबर हात धुवायला उठतो, त्यानेसुद्धा पाठवले. छप्पर झालं. त्या आनंदात मंडळाचा कार्यक्रम ठरला आणि मदत करणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण गेलं.

माझी झोप उडाली. तिथे पाठीला मी नसणार. त्यात पोस्टमनला बाईंनी दुसऱ्या टोकाला हलवलेलं. भर कार्यक्रमात सूर सुटला तर? गिरणीतली माणसं तोंडावर रुमाल धरतील, बाई वळून बघतील. ताप आलाय म्हणून सांगू या, असं मी सुचवलं. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"लोकांनी मला बघून पैसे दिलेत," म्हणाले. "मी उभा राहणार. तू काळजी करू नकोस, बिघडवणार नाही मी काही."

कार्यक्रमाला मी भावाशेजारी बसले होते. हे मागच्या रांगेत, ताठ. बाईंचा हात वर गेला आणि सगळ्यांबरोबर ह्यांचंही तोंड उघडलं. मी पदर मुठीत धरून त्यांचा आवाज शोधू लागले. सापडेना. मग नीट बघितलं. श्वास सगळ्यांबरोबर घेत होते, ओठ शब्दाला शब्द हलत होते, पण गळ्यावरची शीर एकदाही ताणली नाही. पूर्ण गाणं ते तसेच गायले. हॉलभर सूर भरला होता आणि त्यात माझ्या माणसाचा एक थेंबही नव्हता.

टाळ्या झाल्या. लोक पुढे धावले. भावाने ह्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "भावोजी, एवढ्या जणांत तुमचा आवाज वेगळा ओळखू आला बरं का."

गर्दीचा गलका होता. ह्यांना काही कळलं नाही. ते हसले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतोय?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने, शब्दन्‌शब्द सांगितलं.