प्लॅटिनमचे ठिपके

राग माझ्या नाकावरच असतो, हे आमच्या प्रयोगशाळेत झाडूवाल्या मावशींपासून सरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. परवावर पीएचडीची तोंडी परीक्षा आलेली आणि हा शंकासूर माझ्या काचेच्या भांड्यात डोकावतोय म्हटल्यावर माझं डोकं फिरणारच होतं. शंकासूर म्हणजे शेजारच्या टेबलावरचा संशोधक. सूर्य उगवला म्हटलं तरी हा विचारील, कशावरून?

भांडं बघण्यासारखं होतं, हे मात्र खरं. आम्ल घातलेल्या पाण्यात विजेची दोन टोकं सोडलेली. एका टोकावर मॉलिब्डेनम या स्वस्त धातूचे माझे कण, इतके बारीक की डोळ्यांना नुसती काजळी दिसावी. वीज सोडली की त्या काजळीतून हायड्रोजनचे बुडबुडे असे फसफसत वर यायचे की बघतच राहावं. पाण्यातून इंधन! एरवी हे काम प्लॅटिनम करतं, पण ते महागडं. ते नको, माझे कण पुरतात, एवढंच माझ्या प्रबंधाचं म्हणणं. वर कौतुक म्हणजे हे कण वापरावे तितके सुधारत होते. सर म्हणायचे, "मुरतायत गं, मुरतायत!" आणि मी फुलून जायचे.

"वापरून कुठली वस्तू सुधारते?" शंकासूर म्हणाला. "आणि समोरचं टोक कशाचं आहे?"

"प्लॅटिनमच्या तारेचं. सगळेच लावतात. आज नवीन आलायस का?"

"ती विरघळत नसेल कशावरून?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं चांगलं झालेलं बघवत नाही, असं सरळ सांग ना!" मी इतक्या जोरात ओरडले की तो मुकाट्याने आपल्या टेबलाकडे गेला. पण मेल्याने शंकेची पाल सोडली ती सोडलीच. तिची चुकचुक काही थांबेना.

शेवटी मी तार काढली, तिथे कार्बनची कांडी लावली, ताजे कण घेतले आणि वीज सोडली. एखाददुसरा बुडबुडा आला, तोही नाइलाजाने आल्यासारखा. पुन्हा करून पाहिलं. तेच.

सरांना सांगितलं. जुना, "मुरलेला" नमुना घेऊन आम्ही तळघरातल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीत गेलो. शंकासूरही मागून आला. मायक्रोस्कोप चालवणाऱ्या बाईंनी पडद्यावर चित्र आणलं. माझे कण करड्या ढेकळांसारखे दिसत होते आणि त्यांच्यावर पांढरेशुभ्र ठिपके होते.

"हे प्लॅटिनम," बाई म्हणाल्या. त्यांनी एक ठिपका मोठा केला, आणखी मोठा केला. त्यात बारीक बारीक दाणे उमटले, एका ओळीत, त्याखाली दुसरी ओळ, तिसरी.

"आणि हे दाणे?"

"अणूंच्या ओळी."

अगं बाई! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्या तारेतून अणू सुटले होते. कुणाला न कळता आम्ल ओलांडून माझ्या कणांवर येऊन बसले होते, आणि बसले ते कसे, तर रांगेत. तार आधी आणि नंतर तोलली असती तरी फरक कळला नसता. चिमटीतही न येणाऱ्या एवढ्याशा ऐवजाने सगळं भांडं फसफसवलं होतं. मी वर्षानुवर्षं ज्या प्लॅटिनमच्या नावाने नाक मुरडलं, तेच माझं काम करत होतं. मला रडू येत होतं आणि पडद्यावरून नजर हटत नव्हती.

"सॉरी," शंकासूर पुटपुटला.

"गप रे! बघ आधी."

बाहेर आल्यावर सर हळूच म्हणाले, "हे बघ, तारेबद्दल कुणी विचारेलच असं नाही. तुझी आई एवढ्या लांबून येतेय."

सरांनी असं म्हणावं, याचंच मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोहही झाला. मुलगी डॉक्टर होणार, असं आईने अख्ख्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं. पण तार लपवायची तर ते चित्रही लपवावं लागणार. ते मला जमणारं नव्हतं.

परीक्षेत मी सुरुवातच त्या चित्राने केली आणि माझा निष्कर्ष चुकलाय हे सांगून टाकलं. मुख्य परीक्षक खुर्चीवरून उठले, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"सुंदर," ते म्हणाले. मग जागेवर येऊन बसले. "पण हा प्रबंध मान्य करता येणार नाही. सगळे प्रयोग पुन्हा करा, कार्बनची कांडी लावून."

दाराबाहेर आई ठेवणीतली साडी नेसून बाकावर बसली होती. मला पाहताच उठली.

"झालीस का डॉक्टर?"

"नाही गं. पुन्हा करायला सांगितलंय सगळं."

तिचा चेहरा उतरला. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तोंड असं का उजळलंय तुझं?"

"आई, मी अणू पाहिले गं! रांगेत बसलेले!" आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी हमसून हमसून रडले.

आईने मला रडू दिलं. मग पदराने माझे डोळे पुसले, पर्स काखेत मारली आणि म्हणाली, "चल, मला दाखव."