मधला देश

कल्पना करा मुलांनो, एका घराचे तीन भाग आहेत. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा आणि मधल्या खोलीत त्यांचे वडील. त्या खोलीला दोन्हीकडे एकेक दार. भावाभावांत विस्तव जात नाही. थोरल्याने दाराला कुलूप लावलं, ते पाहून धाकट्याने कॅमेरा बसवला, तो पाहून थोरल्याने कुत्रा आणला. चोरी कुणालाच करायची नव्हती.

वडील कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायचे. थोरल्याची मुलगी ठकी त्यांच्या कॉटवर बसून अभ्यास करी.

"याला सुरक्षेची कोंडी म्हणतात," ते तिला सांगत. "आपण बचावासाठी करतो ते पलीकडच्याला हल्ल्याची तयारी वाटते."

"मग तुम्ही कोण, आजोबा?"

"मधला छोटा देश. मी आहे म्हणून दोन मोठे एकमेकांच्या अंगावर जात नाहीत."

"आणि त्यांची गट्टी झाली तर?"

"मग तर सोन्याहून पिवळं." आयुष्यभर शिकवलेल्या धड्याचं पुढचं पान तेवढं त्यांनी उलटलं नाही.

'बाबा, त्याला सांगा, टाकी भरून वाहतेय.' 'बाबा, त्याला म्हणावं, आधी कुत्रा बांध.' निरोप पोचवून ते थकले. शेवटी त्यांनीच हट्ट धरला, "एकदा समोरासमोर बसा. मी मध्ये नसेन."

रविवारी दोघे थोरल्याकडे बसले. वडील बाहेर पायरीवर. आतून दोघांचं हसणं ऐकू आलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

दुपारी दोघे मिळूनच मधल्या खोलीत आले.

"तुमचं ऐकलं बरं का, बाबा," धाकटा म्हणाला. "मिटलं सगळं."

"मधोमध भिंत घालतो," थोरला म्हणाला. "अर्धी खोली याला, अर्धी मला."

"आणि मी?"

"सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. हॉलमध्ये दिवाण टाकू की."

"मला विचारलं नाहीत."

"तुम्हीच म्हणालात ना, मी मध्ये नसेन."

वडील कॉटवरून उठून बाजूला उभे राहिले. थोरल्याने खिशातून टेप काढली. "ठके, हे टोक भिंतीशी धर."

तिने धरलं. आजोबांकडे पाहिलं आणि सोडून दिलं. टेप सर्रकन डबीत गेली.

"अगं, नीट धर."

तिने हात पाठीमागे घेतले.

"राहू दे दादा, मी धरतो," म्हणत धाकटा पुढे झाला.

ठकी कॉटवर जाऊन बसली. दोघा भावांनी मिळून कॉट उचलली, तरी ती उतरली नाही.